उतारावरचा उजवा खांदा

आमच्या संताला जाळीवर भाजून मारलं, आणि त्याचा सण येतो ऑगस्टात. म्हणजे त्याच्यासोबत आम्हीही भाजतो. माल्टातल्या आमच्या बिरगू गावाच्या तटाचे दगड दिवसभर तापतात आणि संध्याकाळी मिरवणूक निघाली की साठवलेलं सगळं ऊन आमच्या अंगावर सोडतात. पण तक्रार कोण करणार? सान लॉरेन्ससमोर उकाड्याबद्दल कुरकुर करायची म्हणजे आपली आपल्यालाच लाज वाटते.

मी स्टीना. चर्चकडे उतरणाऱ्या गल्लीत, उतार जिथे सगळ्यांत खडा होतो तिथे माझं घर आहे. वरच्या मजल्यावर लाकडी गॅलरी आहे. चौकातून परतणारा संत ह्या गॅलरीखालून जातो, एवढ्या एका गोष्टीसाठी माझ्या आज्याने हे घर घेतलं. बाकी घरात घेण्यासारखं काही नव्हतं, अजूनही नाही.

संताची मूर्ती भलती जड. खाली चौथरा, चौथऱ्याला दांडे, पुढे चार भोई आणि मागे चार. चर्चपासून चौकापर्यंत चढ आहे, तो एका तुकडीचा. चौकातून परत खाली उतार, तो दुसऱ्या तुकडीचा. ह्या उतारावरचा पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. कधीपासून ते विचारू नका. गावाला तट आधी बांधला की आमच्या घराने खांदा आधी दिला, ह्यावर माझे वडील आणि चुलते जेवताना भांडायचे.

घराचा शेवटचा हक्काचा खांदा माझ्या थोरल्या भावाचा, नार्दूचा. गोदीतलं काम सुटलं आणि तो मेलबर्नला गेला, तो तिकडचाच झाला. त्याच्या बदली माझा नवरा उभा राहायला लागला. देव त्याला सुखात ठेवो, चांगला बुटका माणूस होता, जागेत अगदी फिट बसायचा. तोही गेला. मग जागा रिकामी पडली आणि लोकांची कुजबुज सुरू झाली. शेवटी भोयांचा मुकादम जाकबू माझ्या दारात येऊन सांगून गेला, की यंदा तुमच्या रक्ताचं कोणी उभं राहिलं नाही तर जागा बेकरीवाल्यांकडे जाईल. बेकरीवाल्याच्या थोरल्याने भोयाचा पांढरा झगा शिवूनही टाकला होता. त्यांच्या गच्चीवर वाळत घातलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

आता घरात पुरुषमाणूस नव्हता असं नाही. माझा जावई शमून होता. पण तो बोर्मलाचा. बोर्मला म्हणजे आमच्या वेशीत उभं राहून तुम्ही शिंकलात तर तिथल्या माणसाची झोप मोडेल, एवढं जवळ. पण होड्यांच्या शर्यतीत ते लोक आम्हाला हरवतात, आणि नुसते हरवून घरी जात नाहीत, भोंगे वाजवत आमच्या गावातून फिरतात. अख्खा माल्टा पडला असताना माझ्या डोरिसने नवरा शोधला तो तिथला. वर तो ताडमाड. लग्नाच्या दिवशी सगळ्यांदेखत मी विचारलं होतं, की हा नवरा आहे की डोलकाठी. त्यानंतर आमच्यात बोलणं असं उरलं नाही. मी त्याला 'तो बोर्मलावाला' म्हणते, आणि शर्यत जिंकली की तो झेंडा लावलेली गाडी मुद्दाम गल्लीच्या तोंडाशी उभी करतो, मला गॅलरीतून दिसेल अशी.

राहिला नार्दूचा मुलगा, वेन्सू. नार्दू गेल्या वर्षी मेलबर्नलाच वारला. मी वेन्सूला फोन लावला, आणि मी विषय काढायच्या आत तोच म्हणाला, सणाला येऊ का, बाची जागा मोकळी आहे का. दुसऱ्या दिवशी मी चौकभर सांगत सुटले. जाकबूने विचारलं, उंची काय? मी म्हटलं, उंची कसली विचारतोस, नार्दूचा मुलगा आहे, नाक नार्दूचं, कान नार्दूचे, भुवया नार्दूच्या. आमच्याकडे मुलगा बापावर गेला म्हटलं की पायापासून डोक्यापर्यंत गेला असंच धरतात. शिवाय फोनवर मी वेन्सूला कायम सोफ्यावर बसलेला बघितलं होतं. बसलेला माणूस उभा राहिल्यावर केवढा होईल, हा विचार कुणाच्या डोक्यात येतो?

विमानतळाच्या दारातून तो बाहेर आला आणि येतच राहिला. नाक, कान, भुवया सगळं नार्दूचंच होतं, पण इतक्या वर नेऊन ठेवलेलं, की ओळखायला मला मान मागे टाकावी लागली. मी त्याला पहिलं वाक्य म्हटलं ते, "बस बघू जरा खाली." तो तिथेच बॅगेवर बसला, मग मी त्याला मिठी मारली आणि दोघंही रडलो.

मग तो बोलायला लागला, आणि डोरिसने तोंडावर हात धरला. नार्दू गोदीतून जी बोली घेऊन गेला होता, तीच त्याने तिकडे पोरांना शिकवली. इकडे आमचं बोलणं बदलत गेलं, तिकडे ते पेटीत घडी घालून ठेवल्यासारखं राहिलं. अंगात घट्ट बनियन, दंडावर कांगारू गोंदवलेला, आणि तोंड उघडलं की आमचे पणजोबा.

"आत्ये, जिवाला बरं हाय न्हवं? गुडघं काय म्हंत्यात?"

आमच्याकडे असं आता फक्त वृद्धाश्रमात बोलतात. टॅक्सीवाला वाटभर आरशातून मागे बघत होता.

आमचं गाव ज्या सरदारांनी बांधलं ते शूर असतील, पण उंच खासच नव्हते. माझ्या घरातल्या प्रत्येक चौकटीला वेन्सूने कपाळ आपटलं. दुसऱ्या दिवशी तो गाव बघायला निघाला. मी म्हटलं, गावात काय बघायचंय, भिंती आहेत. तो दिवसभर भिंती बघून आला, आणि तुर्कांचा वेढा पडला तेव्हा कुठल्या बुरुजावर काय झालं, कोण सरदार कुठे पडला, हे मला रंगवून सांगायला लागला. त्या बुरुजावर मी जन्मभर चादरी वाळवल्या, मला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मग मी त्याला माझ्याकडचा इतिहास दाखवला. तटाच्या एका कोपऱ्यावर बसून त्याचा बाप आमच्या वडिलांपासून लपून सिगारेट ओढायचा, तो कोपरा. वेन्सू तिथे बराच वेळ बसला. मी घाई केली नाही.

संध्याकाळी मी कपाटातून नार्दूचा पांढरा झगा काढला. खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवला होता. वेन्सूने तो घातला आणि आम्ही बघत राहिलो. झगा गुडघ्याच्या वर संपत होता. खाली केसाळ नडग्या, त्याखाली हिरव्या रबरी चपला. डोरिस म्हणाली, बारशाचं झबलं दिसतंय. मी तिला खोलीबाहेर काढलं, आणि मग बाहेर जाऊन मीही पोटभर हसून घेतलं.

पण झगा ही गंमत होती, खरी परीक्षा जाकबूकडे होती. जाकबू भोयांची उंची डोक्यावरून बघत नाही, खांद्यावरून बघतो. चर्चच्या मागच्या खोलीत दाराच्या चौकटीवर एक खाच आहे. खांदा खाचेला लागला तर तुम्ही भोई, नाही लागला तर तुम्ही मेणबत्ती धरून मागून चाला. वेन्सू चौकटीला टेकून उभा राहिला, आणि खाच त्याच्या काखेत गेली.

जाकबू गप्प झाला. आम्ही एका वर्गात होतो, मला त्याची सवय ठाऊक आहे. तो आधी गप्प बसतो आणि मग रडवतो.

"स्टीना," तो म्हणाला, "हा दांड्याखाली उभा राहिला तर सगळं ओझं ह्याच्या एकट्याच्या खांद्यावर येणार. संत कलंडणार."

मागे उभे असलेले भोई म्हणाले, की ओझं सगळं ह्याच्यावरच जाणार असेल तर आमची काही हरकत नाही. जाकबूने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते एकेक करून हात धुवायला गेले. वेन्सू म्हणाला, मी वाकून चालतो. त्याने गुडघ्यात वाकून, ढुंगण मागे काढून खोलीभर चालून दाखवलं. ते बघून बेकरीवाल्याचा थोरला घरी पळाला, तो झगा घालूनच परत आला.

बाहेर आल्यावर वेन्सू पायरीवर बसला. माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती, जाकबूच्या, बेकरीच्या, ऑस्ट्रेलियातल्या दुधाच्या. तो म्हणाला, "ऱ्हाऊं दे आत्ये, त्येंचं खरं हाय." मग म्हणाला, "बा शेवटी शेवटी मला बी वळखत नव्हता. कोण रं तू, म्हनायचा. पर ऑगस्ट लागला की उजवा खांदा चोळत बसायचा. आमी डाक्टरला दावला. डाक्टर म्हनला, खांद्याला कायबी झालं न्हाई."

मी त्याला घरी नेलं आणि जेवायला घातलं. आमच्या घरात दुःखावर दुसरा उपाय नाही. पण मनात गाठ मारली, की ह्या पोराचा खांदा दांड्याखाली लागल्याशिवाय त्याला विमानात बसू द्यायचं नाही.

दरम्यान झोपायचा वेगळाच घोळ झाला होता. माझी खाट त्याला पोटऱ्यांपर्यंतच पुरायची. त्याने जमिनीवर अंथरूण टाकलं, तर उकाड्याने दार उघडं, आणि पाय उंबऱ्याबाहेर गल्लीत. पहाटे दूधवाली त्याच्या पायांना अडखळली आणि तिने मला जे ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. डोरिसला कळलं तेव्हा ती म्हणाली, शमूनची जुनी लोखंडी खाट पडून आहे, त्याच्या आईने लोहाराकडून मुद्दाम लांब करून घेतलेली, ती पाठवते. बोर्मलाची खाट माझ्या घरात येणार म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं. पण दूधवालीचं तोंड आठवलं आणि हो म्हटलं.

शमून खाट गाडीवर घालून घेऊन आला. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून वर चौकाशी थांबली. आमच्या गल्लीत सामान उतरत असलं की येणाऱ्याजाणाऱ्याने हात लावायचा असा रिवाज आहे, मग माणूस दोस्त असो की दुश्मन. जाकबू आणि त्याचा एक भोई तिथून चालले होते, ते अडकले. शमून आणि वेन्सू पुढे, म्हणजे उताराच्या बाजूला, आणि जाकबू आणि भोई मागे, असे चौघं खाट घेऊन उतरायला लागले. डोरिसचे दोन्ही हात उशांनी भरलेले. म्हणून तिने सशाच्या कालवणाचं काठोकाठ भरलेलं पातेलं सरळ खाटेवरच्या फळीवर ठेवून दिलं होतं. मी गॅलरीतून ओरडले, पातेलं घरंगळेल, रस्ता तेलकट होईल, मिरवणुकीत माणसं घसरून मरतील. कोणी लक्ष दिलं नाही.

मी खाली उतरले तोवर खाट दारात आली. खाली ठेवली. जाकबूने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि आत बघितलं. मग ज्या उतारावरून ते आले त्याकडे बघितलं. मग दोन्ही लांबलचक माणसांकडे बघितलं. कालवणाचा एक थेंब सांडला नव्हता. खाट उतारावरून आली, पण आली ती टेबलासारखी सपाट.

जाकबूने माझ्याकडे पाहिलं, मी जाकबूकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट दिसली होती, आणि ती आधी बोलायची दोघांचीही तयारी नव्हती. तोवर शमून वर निघून गेला होता, गाडीचा भोंगा वाजवून.

"नाही," जाकबू म्हणाला.

"मी काही बोललेच नाही."

"जे बोलणार आहेस त्याला नाही."

मग मी बोललेच. त्याला म्हटलं, जाकबू, आठव. इतकी वर्षं चढावर आमचा संत राजासारखा जातो, आणि उतारावर? पुढे झुकतो, तोंड रस्त्याकडे, जणू काही हरवलंय आणि शोधत चाललाय. माझ्या आज्याने घर घेतलं ते संताच्या दर्शनासाठी, आणि आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ह्या गॅलरीतून संताचं दिसतं काय, तर टक्कल. पुढच्या दोन्ही टोकांना दोन उंच माणसं दिली की उताराचं अंतर भरून निघतं आणि संत सरळ राहतो. आत्ताच पातेल्याने दाखवून दिलं ना?

जाकबू म्हणाला, एक उंच माणूस ह्या घराचा आहे, कबूल. दुसरा कुठून आणायचा? बिरगूत उंच म्हणजे दिव्याचा खांब, बाकी सगळे तुझ्या नवऱ्यासारखे. शमूनची गाडी गेली त्या दिशेला मी बघत राहिले. तो दाराच्या कडीशी चाळा करत उभा राहिला. कालवण निवत चाललं होतं.

"चेहरा दिसेल म्हणतेस?" शेवटी तो म्हणाला.

"कपाळापासून हनुवटीपर्यंत."

"मग विचारायचं तू. बोर्मलावाल्याला विचारायला माझी जीभ वळणार नाही. आणि लोक बोंबलले तर तुझ्या दारात पाठवीन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं जग झोपलेलं बघून, मी डोक्याला रुमाल बांधून आणि काळा चष्मा लावून बोर्मलाला निघाले. डोरिसच्या लग्नानंतर मी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. नातवंडं माझ्याकडे यायची. पहिल्याच कोपऱ्यावर खिडकीतून एक बाई म्हणाली, "काय स्टीनाबाई, वाट चुकलात?" मी म्हटलं, मी स्टीना नाही. ती म्हणाली, बरं.

शमून बनियनवर बसून कलिंगड खात होता. मला दारात बघून त्याच्या हातातली फोड खाली पडली. पण त्याने उठून खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला, थंड पाणी दिलं. संस्कार वाईट नव्हते, हे मी तेव्हाही मनात मान्य केलं. मी पाणी पिऊन एका दमात सगळं सांगितलं. माझ्यासाठी नाही, वेन्सूसाठी, असं दोनदा म्हटलं.

तो बराच वेळ कलिंगडाच्या बिया ताटलीच्या कडेला लावत बसला. मग म्हणाला, तुमच्या संताला मी खांदा दिला तर आमचे लोक मला शर्यतीच्या होडीत घेणार नाहीत. मी म्हटलं, ते खरं आहे. तो म्हणाला, काल खाट उतरवताना तुमचा पाहुणा मला काहीतरी सांगत होता. निम्मं कळलं नाही, आमची आजीच बोलतेय असं वाटत होतं. पण बापाचं काहीतरी होतं, आणि सांगताना तो खाटेकडेच बघत होता.

"देतो खांदा, ह्या वर्षापुरता," शमून म्हणाला. "पण सासूबाई, एक अट आहे."

"बोला."

"गॅलरीखालून जाताना तुम्ही माझं नाव घ्यायचं. मोठ्याने. नुसतं शमून नाही. 'आमचा शमून' म्हणायचं."

मी विचारलं, आतूनच म्हटलं तर? तो म्हणाला, गॅलरीत उभं राहून. मी विचारलं, बँड वाजत असताना? तो म्हणाला, बँड पुढे गेल्यावर. स्वयंपाकघरात डोरिसच्या हातून झाकणं पडत होती, म्हणजे ती ऐकत होती. मी हो म्हटलं आणि चष्मा लावून निघाले.

मग चार दिवस मी दोन कामं केली. लग्नातल्या माझ्या ठेवणीतल्या चादरी फाडून दोन झग्यांना खालून पट्टे जोडले. आणि भांडी घासताना 'आमचा शमून' म्हणायचा सराव केला. 'शमून' जमायचं. 'आमचा' म्हटलं की घशात माशाचा काटा अडकल्यासारखं व्हायचं. वेन्सूने विचारलं, आत्ये, खोकला झाला का गे?

सणाच्या संध्याकाळी चढाची तुकडी संताला चौकात घेऊन गेली. तिथे भोई बदलले. मी गॅलरीत होते, चौक मला दिसत नाही, पण गर्दीचा आवाज ऐकू येतो. आधी टाळ्या, मग एकदम शांतता, मग कुजबुज, मग एकाचा मोठा आवाज, "हा बोर्मलाचा ना?" त्यावर जाकबू काय बोलला ते मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "हा स्टीनाच्या घरचा आहे. अडचण असेल तर तिच्याशी बोला." कोणालाच अडचण उरली नाही. मला गावात इतकी किंमत आहे हे मला आधी माहीत नव्हतं.

बँड गेला. मग उताराच्या तोंडाशी संत आला. पुढच्या उजव्या टोकाला वेन्सू, डाव्या टोकाला शमून, आणि त्यांच्या मधे आमचे दोन बुटके भोई. दांडा त्यांच्या खांद्याच्या वीतभर वर होता. ओझ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी दोघंही दात आवळून, डोळे मिटून चालले होते. बायका म्हणत होत्या, बिचारे किती कष्ट घेतात.

आणि संत सरळ होता. उतारावर सरळ. हळूहळू खाली येत गेला तसं कपाळ दिसलं, डोळे दिसले. त्याला भुवया आहेत हे मला माझ्या ह्या वयात कळलं. इतका तरुण होता तो, मला कधी वाटलंच नव्हतं. समोरच्या गॅलरीतल्या बाईने कागदाच्या चिठोऱ्यांची टोपली तशीच हातात धरून ठेवली, उधळायची विसरली.

मी कठड्याला धरलं, छाती भरून घेतली, 'आमचा' जिभेवर आणून ठेवला, आणि खाली बघितलं.

वरून बघताना उंची कळत नाही. गॅलरीतून सगळी माणसं सारखीच दिसतात. मला दिसलं ते दांड्याखाली तिरपी झालेली मान, दातांत धरलेला ओठाचा कोपरा, घामाने चिकटलेले केस. तो कान, ते नाक. लहानपणी ह्याच गॅलरीत, वडिलांच्या हाताखालून डोकं काढून मी जे बघायचे तेच. पुढच्या उजव्या टोकाला तोच चालला होता.

"नार्दू!" माझ्या तोंडून निघालं. "आमचा नार्दू!"

कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने म्हटलं, नार्दू. पलीकडच्या दारातून एक म्हातारी म्हणाली, नार्दू आला. ज्यांना ज्यांना तो आठवत होता त्यांनी नाव घेतलं, एकामागून एक, खाली चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. वेन्सूला मान वर करता येत नव्हती. त्याने डावा हात तेवढा उचलला, आणि मी गॅलरीतच खाली बसून रडले. रडून झाल्यावर मला शमून आठवला. तोवर संत चर्चमध्ये शिरला होता.

नंतर सगळे माझ्याकडे जेवायला आले. शमून माझ्या घरात पहिल्यांदा बसला. मी मॅकरोनीचा मोठा ट्रे भाजून ठेवला होता. वेन्सूचा उजवा खांदा सोलवटला होता, डोरिस त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाची घडी धरून बसली होती आणि तो खुशीत कण्हत होता. जाकबूने घसा साफ केला. म्हणाला, जागा तुमचीच, बेकरीवाल्यांना मी सांगितलंय. मात्र आता गावाने संताचा चेहरा बघितला, आता टक्कल चालणार नाही. म्हणजे ह्या लांबड्याला जोडीदार असेल तरच पुढच्या वर्षी ह्याची जागा. एकटा लांब माणूस मी दांड्याखाली घेणार नाही.

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं, कारण शमूनने खांदा ह्या वर्षापुरता दिला होता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. वेन्सूचं कण्हणं थांबलं.

शमूनने शांतपणे घास संपवला. "सासूबाई," तो म्हणाला, "माझं नाव आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, अजून गॅलरीत जाते, आत्ता ओरडते. तो म्हणाला, गल्ली रिकामी आहे, आता कोण ऐकणार. मी म्हटलं, मग काय करू, हातून गेलं ते गेलं. मी मोठा चमचा डोरिसकडे सरकवला.

"डोरिस, त्या कडेचा खरपूस तुकडा काढ. आमच्या शमूनला वाढ."

डोरिसचा हात हवेतच राहिला. जाकबूने पेला खाली ठेवला. मी काय बोलले ते माझ्या लक्षात सगळ्यांत शेवटी आलं, आणि तोवर परत घेण्याची वेळ निघून गेली होती.

शमून हसला नाही. त्याने ताट पुढे केलं, तुकडा घेतला, त्यावर मीठ भुरभुरलं.

"हे धरायचं नाही," तो म्हणाला. "गॅलरीतून, गर्दीसमोर, असं ठरलं होतं. आता पुढच्या वर्षी."

मला अर्थ लागायला जरा वेळ लागला. वेन्सूला आधी लागला. त्याने खांद्यावरची घडी काढून टाकली, पुढे वाकून शमूनचा हात दोन्ही हातांत धरला आणि तो सोडेना. शमून दुसऱ्या हाताने खात राहिला.

"म्हणजे," मी म्हटलं, "आता वर्षभर मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही."